पंगतीआधीची चव

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या, की आमच्या गल्लीत आठवडाभर एकच विषय चघळला जातो, पहिल्या सत्राचा निकाल. परवा दुपारी ओटा आवरून जरा टेकले होते, तेवढ्यात समोरच्या घरातली सून दारात उभी. एका हातात प्रगतिपुस्तक, दुसऱ्या हातात तोंड पाडलेल्या लेकाचं मनगट.

"काकू, बघा हो जरा. गणितात वीसपैकी आठ! शिकवणीला महिन्याला पाचशे रुपये मोजतेय मी, तरी आठच. आणि आता म्हणे पाचवीला नापास करतात. हा वर्षाअखेरीस त्याच वर्गात बसला, तर घरात सगळे मलाच बोलणार."

बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून मी निवृत्त झाले, पण गल्लीतल्या निम्म्या घरांच्या लेखी मी अजून शाळेतली बाईच आहे. मी म्हटलं, "प्रगतिपुस्तक राहू दे बाजूला. चाचणीची वही आहे का याच्या दप्तरात?"

वही निघाली. दप्तराच्या तळाशी, कोपरे दुमडलेली. लाल फुल्यांनी भरलेली पानं मी एकेक करून बघत गेले. ५२ वजा २७, उत्तर लिहिलं होतं ३५. पुढे ४०३ वजा १५८, उत्तर ३५५. त्याच्या खाली ५२०४ वजा १८६७, उत्तर ४६६३. तिन्ही चुकलेली. पण मैत्रिणींनो, पुन्हा एकदा नीट बघा. तिन्ही ठिकाणी चूक एकच आहे. वरचा अंक लहान आणि खालचा मोठा असला, की हा पठ्ठ्या खालच्यातून वरचा वजा करतो. दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन घालवतो आणि मोकळा होतो. "मोठ्यातून लहान वजा करायचं" हे दुसरीत कधीतरी कुणीतरी सांगितलेलं त्याने मनोभावे पाळलं होतं. भागाकारही त्यामुळेच चुकले होते, कारण भागाकार करताना मध्ये वजाबाकी येतेच.

मी घरातून दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी आणली. त्याच्या हातात ठेवली. "हे बावन्न रुपये. मला सत्तावीस दे बघू." त्याने दोन नोटा दिल्या. मग हातातल्या दोन नाण्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आजी, सुट्टे नाहीत. एक नोट मोडावी लागेल."

झालं! हातच्याची वजाबाकी म्हणजे दुसरं काय असतं? नोट मोडायची असते. जे पुस्तकाला त्याच्याकडून हवं होतं, ते तो स्वतःच्या तोंडाने बोलून गेला. मग आम्ही नोट मोडली, पुन्हा वहीत तेच गणित मांडलं, आणि तिसऱ्या गणिताला त्याचा चेहरा उजळला. त्याची आई मात्र माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे काकू, हा ढ नाहीये?"

ढ नव्हताच तो. त्याचा एक नियम चुकला होता, आणि तीन वर्षं ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दर सत्राला परीक्षा झाली, दर परीक्षेला गुण मिळाले, ते प्रगतिपुस्तकात चढले, त्यावर पालकांची सही झाली. वीसपैकी आठ. या आठने आईला घाबरवलं आणि मुलाला खाली मान घालायला लावलं. पण उद्या सकाळी नेमकं काय करायचं, ते काही सांगितलं नाही. फुल्यांनी भरलेल्या वहीने मात्र सांगितलं, ती कुणी उघडली असती तर.

आमटीला मीठ कधी घालायचं?

आपण आमटी करतो तेव्हा उकळी फुटली की पळीतून थेंबभर तळहातावर घेऊन चाखतो. मीठ कमी वाटलं तर घालतो, आंबट झाली तर गुळाचा खडा टाकतो. ही झाली एक परीक्षा. नंतर पंगत बसते, पाहुणे भुरका मारतात आणि "वा!" म्हणतात किंवा गप्प बसतात. ही दुसरी परीक्षा. आमटी तीच, जीभही माणसाचीच. पण पहिल्या चवीने आमटी सुधारते, दुसरीने फक्त निकाल लागतो. अमेरिकेतले मूल्यमापनाचे अभ्यासक रॉबर्ट स्टेक यांच्या नावावर हाच दृष्टान्त सूपच्या भाषेत सांगितला जातो. आमटी काय नि सूप काय, मुद्दा तोच.

शिक्षणखात्याच्या भाषेत पहिलीला आकारिक मूल्यमापन म्हणतात आणि दुसरीला संकलित मूल्यमापन. हे शब्द जड वाटतात, पण तुमच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात ते बहुधा छापलेले असतील. आकारिक म्हणजे शिकता शिकता घ्यायची चव. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची पंगत.

दोन्ही लागतात. पंगत नकोच, असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्गात जाताना मूल कुठे पोचलंय, हे कुठेतरी एकदा मोजावं लागतंच. माझं म्हणणं एवढंच आहे, की आपण सगळी भिस्त पंगतीवर ठेवली आहे आणि चव घेण्याचं नुसतं नाटक करतो. हे मी दुसऱ्या कुणाला नावं ठेवण्यासाठी म्हणत नाही. ते नाटक मी स्वतः केलंय.

माझ्या लाल शाईची गोष्ट

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही आणि मुलांचं मूल्यमापन सतत, सर्व अंगांनी करायचं, असं त्यात होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा आदेश काढला. कागदावर ती योजना खरंच चांगली होती, आजही वाचली तर चांगलीच वाटते. आकारिकसाठी आठ साधनं सांगितली होती. रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी लेखी चाचणी, स्वाध्याय आणि याशिवाय शिक्षकाला सुचेल ते. पुस्तक समोर ठेवून सोडवायची चाचणीही त्यात होती. वजनंही विचारपूर्वक ठरवली होती. पहिली-दुसरीला ७० टक्के चव आणि ३० टक्के पंगत. तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मं निम्मं, सातवी-आठवीला ४० आणि ६०. मूल लहान असेल तेवढी परीक्षेची भीती कमी आणि बाईंचं लक्ष जास्त, असा तो हिशेब होता.

प्रत्यक्षात काय झालं? माझ्या वर्गात त्या वर्षी त्रेपन्न मुलं होती. प्रत्येक मुलाची, प्रत्येक विषयाची वर्णनात्मक नोंद लिहायची. शिवाय जनगणना, मतदार याद्या, पोषण आहाराचा हिशेब आहेच. सत्र संपत आलं आणि माझं नोंदवहीचं पान कोरं! मग बाजारात तयार नोंदींची पुस्तकं मिळू लागली. पुढे तर मोबाइलवरच यायला लागल्या. "वाचन समाधानकारक आहे." "परिपाठात उत्साहाने भाग घेते." "गटात मिळून मिसळून काम करते." एका रात्रीत, रेडिओ लावून, चहाचे दोन कप पिऊन मी त्रेपन्न मुलांच्या नोंदी उतरवून काढल्या. अधिकारी तपासणीला आले, वही नीटनेटकी बघून खूश झाले.

त्या त्रेपन्नांत चौथीतली एक मुलगी होती. शांत, शेवटच्या बाकावरची, कधी त्रास नाही. तिच्यापुढेही मी लिहिलं होतं, वाचन समाधानकारक. श्रेणी दिली ब-२, म्हणजे ६१ ते ७०च्या मधली. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या शाळेत पाचवीत गेली आणि दोन महिन्यांनी तिची आई बाजारात मला भेटली. भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाली, "बाई, तुम्ही तर समाधानकारक लिहिलं होतं. तिला जोडाक्षरं वाचताच येत नाहीत म्हणतात तिथले सर."

काय उत्तर देणार होते मी? त्या मुलीला मी कधी एकटीला जवळ बसवून वाचायला लावलंच नव्हतं. सगळी मुलं एका सुरात धडा वाचत, त्या सुरात तिचा सूर मिसळून जाई. ती तशीच ढकलत आठवीपर्यंत गेली, नववीत नापास झाली आणि तिची शाळा सुटली. मुलगा असता तर कदाचित पुन्हा बसवला असता. मुलगी म्हटल्यावर "आता पुरे झालं" असं घरात ठरायला एक संध्याकाळ पुरते.

म्हणून कुणी म्हणालं, की ढकलगाडीने शिक्षणाचं वाटोळं केलं, तर मला अर्धंच पटतं. नापास न करण्याने ती मुलगी बुडाली नाही. तिला काय येत नाही ते मी बघितलं नाही, म्हणून ती बुडाली. नापास केलं असतं, तरी जोडाक्षरं कुणी शिकवली असती? तोच वर्ग, तीच बाई, तोच एका सुरातला धडा, फक्त एक वर्ष जास्त.

काटा पुन्हा फिरला

आता वारं उलट दिशेने वाहतंय. केंद्र सरकारने २०१९ मध्ये कायद्यात बदल केला आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा घेऊन मुलांना त्याच वर्गात ठेवायचं की नाही, ते राज्यांवर सोपवलं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रानेही आपल्या अखत्यारीतल्या शाळांसाठी तसाच नियम काढला. समोरची सून घाबरली ती यामुळेच.

पण या बदलात एक गोष्ट आहे, जी पालकांपर्यंत फारशी पोचलेली नाही. परीक्षेत मागे पडलेल्या मुलाला आधी जादा शिकवायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यायची, असं कायद्यात लिहिलंय. तीतही जमलं नाही, तरच त्या वर्गात ठेवायचं. आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणजे पंगतीत आमटी बिघडलेली निघाली तर पुन्हा चुलीवर ठेवायची सोय आहे. पण चुलीवर ठेवून करायचं काय, ते कुणाला तरी ठाऊक हवं ना! कशात कमी पडलं हे कळलं नसेल, तर त्या दोन महिन्यांत पुन्हा तेच सगळं घोकवून घेतलं जाईल.

नापास करायला लागल्याने मुलं अभ्यास करतील, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. "पास तर होणारच आहोत" म्हणून वही न उघडणारी मुलं मीही पाहिली आहेत, आणि "पास तर करायचंच आहे" म्हणून खडू न उचलणारे शिक्षकही पाहिले आहेत. पण धाकाचा उपयोग येतंय पण करत नाही त्याला होतो. येतच नाही त्याला धाक दाखवून काय मिळणार? आमच्या समोरच्या मुलाला दहा छड्या मारल्या असत्या, तरी त्याने सातातून दोनच वजा केले असते, फक्त रडत रडत.

गावाचा ताप आणि बाळाचा ताप

हल्ली परीक्षा कमी झाल्या आहेत असंही नाही. उलट इतक्या झाल्या आहेत, की कुठली कशासाठी तेच कळेनासं होतं. त्याची जरा वाटणी करून घेऊ.

काही परीक्षा सरकारसाठी असतात. ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभर 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. निवडलेल्या शाळांमधल्या तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची चाचणी घेतली. जुलै २०२५ मध्ये निकाल आला, तेव्हा कळलं, की तिसरीतल्या ५५ टक्के मुलांनाच ९९ पर्यंतचे आकडे चढत्या-उतरत्या क्रमाने लावता येतात. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन 'असर' नावाची पाहणी करते. तिच्या २०२४च्या अहवालात देशातल्या तिसरीच्या २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. करोनानंतर, २०२२ मध्ये, हेच प्रमाण २०.५ होतं. हे आकडे गावात तापाची साथ आहे का, ते सांगतात. तुमच्या बाळाला ताप आहे का, ते सांगत नाहीत. त्यासाठी कपाळाला हात लावावा लागतो.

काही परीक्षा वर्गासाठी असतात. आपल्या राज्यात २०२३-२४ पासून तिसरी आणि पुढच्या वर्गांना वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी आणि मग दोन संकलित चाचण्या घेतल्या जाऊ लागल्या. पायाभूत चाचणीचा हेतू नावातच आहे. पाया कुठे खचलाय ते बघायचं आणि तिथून शिकवायला घ्यायचं. पण ओळखीच्या शिक्षिका सांगतात, की पेपर तपासून गुण भरण्यातच जीव मेटाकुटीला येतो. गुण वर पाठवले, की तो गठ्ठा कपाटात जातो. डॉक्टरने रक्त तपासायला घेतलं, अहवाल दिल्लीला पाठवला आणि रोग्याला औषध लिहूनच दिलं नाही, तर कसं वाटेल?

आणि काही परीक्षा त्या एका मुलासाठी असतात. त्या सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्मीळ. 'असर'चीच पद्धत बघा. एकेका मुलाला समोर बसवायचं. छोटा परिच्छेद वाचायला द्यायचा. जमला तर गोष्ट द्यायची, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. मुलामागे थोडी मिनिटं लागतात आणि शाईचा एक थेंब लागत नाही. माझ्या त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीसाठी मी एवढी मिनिटं काढली असती तर!

इंग्लंडमधल्या पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम या दोन अभ्यासकांनी १९९८ मध्ये अडीचशेच्या आसपास अभ्यास तपासून मांडलं, की शिकवता शिकवता घेतलेल्या अशा चाचपणीने मुलांचं शिकणं खरोखर सुधारतं आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा जास्त फायदा होतो. अट एकच. जे कळलं, त्याप्रमाणे शिकवण्यात बदल व्हायला हवा. नुसतं चाखून पळी खाली ठेवली, तर आमटी अळणीच राहणार.

गुणांच्या शेजारी शेरा नको?

एक गंमतीचा अभ्यास सांगते. इस्राएलमधल्या रूथ बटलर यांनी तो १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी काही मुलांना त्यांच्या कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, म्हणजे काय छान झालं आणि काय सुधारायला हवं ते, आणि काहींना दोन्ही. आपल्याला वाटेल, की दोन्ही मिळालेली मुलं सगळ्यात पुढे गेली असतील. तसं झालं नाही. फक्त शेरा मिळालेली मुलं सुधारली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं नुसत्या गुणवाल्यांसारखीच राहिली.

का? आपल्या घरातच बघा ना. वही हातात आली, की पोरं आधी गुण बघतात, मग शेजारच्याचे गुण बघतात आणि वही दप्तरात जाते. शेरा वाचतो कोण? आणि आपण आया तरी काय विचारतो? "किती पडले? आणि तिच्या मुलीला किती?" मी स्वतः शिक्षिका असून माझ्या लेकीला वर्षानुवर्षं हेच विचारत आले. "कुठे अडलं गं?" असं विचारल्याचं आठवत नाही.

दुसरी एक गोष्ट. एकाच प्रकारच्या परीक्षेला सगळं दिसत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला. नोबेल मिळवलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो त्यात होते. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांना त्यांनी पाहिलं. ही मुलं गिऱ्हाइकाला अमुक किलोचे तमुक दराने पैसे आणि वर परत द्यायची मोड, हे तोंडी फटाफट सांगत. पण तीच आकडेमोड पुस्तकी पद्धतीने कागदावर दिली, की अडखळत. उलट शाळेत जाणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांना कागदावरचं जमे आणि बाजारातलं जमत नसे. हुशार कोण मग? दोघंही, आणि दोघंही अर्धीच. एकाला कागदाशी आणि दुसऱ्याला बाजाराशी जोडून देणं हे शाळेचं काम. पण तोंडी विचारल्याशिवाय, करून दाखवायला सांगितल्याशिवाय, त्या भाजीवाल्या पोराकडे काय आहे ते शाळेला कळणारच कसं?

म्हणूनच तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प ही साधनं आली. त्यातल्या प्रकल्पाचं आपण काय केलंय, ते मी तुम्हाला सांगायला नको. रात्री अकरा वाजता थर्माकोल कापत बसलेली आई आणि शेजारी झोपलेलं मूल, हे चित्र घराघरांतलं आहे. तयार तक्ते दुकानात मिळतात. प्रकल्प आईचा, गुण मुलाचे, आणि सत्रअखेरीस सगळ्यांना वीसपैकी अठरा. त्यापेक्षा मुलाने वाकडातिकडा का होईना, स्वतः आठवडाभर घरातल्या पाण्याच्या हंड्यांची नोंद ठेवली आणि वर्गात उभं राहून पाच वाक्यं सांगितली, तर बाईंना त्याची मोजणी, लेखन, बोलणं सगळं एका वेळी दिसेल. तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कात्री खाली ठेवा. वाईट दिसला तरी चालेल, पण प्रकल्प त्याचा असू द्या.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना आहे. त्यात शिक्षकांबरोबर मुलाने स्वतःचं आणि सोबत्यांनी एकमेकांचं मूल्यमापन करायचं आहे. ऐकायला छान आहे. मी शेवटच्या काही वर्षांत वर्गात मुलांना एकमेकांचं शुद्धलेखन तपासायला दिलं होतं. दुसऱ्याची चूक शोधताना त्यांना आपली कळायची. पण हीच गोष्ट चौकटीत टिकमार्क करायची झाली, तर तिचंही माझ्या तयार नोंदींसारखं होईल. छापलेला कागद बदलून भागत नाही. एका वर्गात मुलं किती, बाईंच्या हाताला वेळ किती आणि बिगरशैक्षणिक कामं किती, हे बदलल्याशिवाय पळीभर चाखायलाही सवड मिळत नाही. त्रेपन्न मुलांच्या वर्गात मी जे केलं, ते चूकच होतं. पण एका बाईकडे त्रेपन्न मुलं आणि वर कागदांचा ढीग ठेवणाऱ्यांनीही त्यातला वाटा उचलायला हवा.

पालकसभेला जाताना

मग आपण काय करायचं? आपण काही शिक्षणाधिकारी नाही. पण पालकसभेला आपणच जातो, बहुतेक घरांतून. तिथे गुणांच्या यादीवर सही करून परत येऊ नका. बाईंना तीन गोष्टी विचारा. माझ्या मुलाला नेमकं काय येतं? नेमकं कुठे अडतंय? आणि त्यासाठी शाळेत तुम्ही काय करताय, घरी मी काय करू? उत्तरपत्रिका बघायला मागा. त्यात काही भांडण नाही. "बाई, चुका बघायच्यात, गुण वाढवायचे नाहीत" असं म्हटलं, की बाईही मोकळेपणाने बोलतात. मुलगा किंवा मुलगी पाचवी-आठवीत असेल, तर जादा शिकवणं कधी आणि कुणाकडून होणार, हे निकालापर्यंत थांबून नाही, आत्ताच विचारा.

सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक असायला हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. पुष्कळ ठिकाणी या बायकांची नावं फक्त सहीपुरती असतात. तुमचं नाव त्यात असेल, तर पुढच्या बैठकीत एवढंच विचारा, की पायाभूत चाचणीतून आपल्या शाळेला काय कळलं आणि त्याचं पुढे काय केलं. रंगरंगोटी आणि शौचालयाच्या विषयांत हाही एक विषय येऊ द्या.

ज्यांना स्वतःला फार शिकता आलं नाही, त्यांनीही मागे राहायचं कारण नाही. मुलाला म्हणा, "मला शिकव बघू, तू हे कसं केलंस." ते समजावून सांगताना जिथे अडखळेल, तिथे गाठ आहे हे ओळखा. गाठ सोडवणारी बाई शाळेत आहे. ती कुठे आहे हे दाखवायचं काम आईलाही जमतं.

समोरचा मुलगा आता संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं माझ्याकडे येतो. वजाबाकी रुळली आहे, आता भागाकाराची पाळी. परवा त्याची आई वर्गशिक्षिकेला भेटून ती वही दाखवून आली. बाई म्हणाल्या म्हणे, की वर्गात अशीच चूक करणारी आणखी सात-आठ मुलं निघाली, त्यांना एकत्र बसवून नोटा-नाण्यांनी शिकवते. सून खुशीत सांगत होती. जाता जाता मुलाला म्हणाली, "काय रे, पुढच्या चाचणीत किती आणणार?"

मग स्वतःच जीभ चावली आणि हसली. सवय आहे, मोडायला वेळ लागणारच. माझीही अजून पुरती मोडलेली नाही.